मौन म्हणजे संमती नव्हे : दोन स्विचांमधल्या वाटाघाटींचा इतिहास

एखाद्या विद्यापीठाच्या दोन इमारतींमध्ये दोन नेटवर्क स्विच आहेत आणि त्यांना जोडणारी एकुलती केबल आता अपुरी पडू लागली आहे, अशी कल्पना करा. उपाय सोपा वाटतो : शेजारी दुसरी केबल टाकावी आणि दोन्हींची मिळून एक जुडी बांधावी. पण स्विचला तशी आज्ञा देताना अभियंत्यापुढे तीन पर्याय उभे राहतात. पलीकडच्या स्विचला काहीही न विचारता जुडी बांधून टाकायची, पीएजीपी हा एका कंपनीचा प्रोटोकॉल वापरायचा, की एलएसीपी हे खुले मानक स्वीकारायचे? गंमत अशी, की सर्व काही सुरळीत असताना या तिन्हींमधून मिळणारा वेग सारखाच असतो. पहिल्या दिवशी तिन्ही जुड्या सारख्याच उत्तम चालतात. मग निवडीला एवढे महत्त्व का?

कारण या तीन पर्यायांमधला खरा भेद वेगाचा नाही. समोरचा गप्प राहिला तर त्या मौनाचा अर्थ काय लावायचा, हा तो भेद आहे. ही साधी गोष्ट उमगायला संगणक-जाळ्यांच्या क्षेत्राला जवळजवळ एक दशक लागले. त्या दशकाची ही हकिकत आहे.

दुसरी केबल निरुपयोगी का होती?

इथरनेटचा जन्म १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात झाला. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या मूळ रचनेत एकच सामाईक केबल होती आणि तिच्यावर सर्व संगणक पाळीपाळीने बोलत. दोघे एकदम बोलू लागले तर संदेशांची टक्कर होई आणि दोघांनाही थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा लागे. १९८३ साली ही पद्धत आयट्रिपलई या संस्थेच्या ८०२.३ या मानकात बद्ध झाली. वेग होता सेकंदाला १० मेगाबिट.

पुढे अशी अनेक जाळी एकमेकांना जोडणारे ब्रिज आले आणि त्यांच्याबरोबर एक नवे संकट आले. इथरनेटच्या संदेशाला फ्रेम म्हणतात. या फ्रेमवर तिची आयुर्मर्यादा लिहिलेली नसते. इंटरनेटच्या पॅकेटवर एक आकडा असतो, तो प्रत्येक टप्प्यावर एकाने कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून दिले जाते. फ्रेमला अशी सोय नाही. त्यामुळे दोन ठिकाणांच्या दरम्यान दोन वाटा उपलब्ध झाल्या, तर सर्वांसाठी पाठवलेली एक फ्रेम एका वाटेने जाते, दुसरीने परत येते आणि अशी अव्याहत फिरत राहते. प्रत्येक फेरीत तिच्या नव्या प्रती निघतात आणि काही क्षणांत सारे जाळे त्या एकाच संदेशाच्या प्रतींनी भरून जाते.

या संकटावर १९८५ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील राडिया पर्लमन यांनी स्पॅनिंग ट्री ही पद्धत शोधून काढली. सर्व ब्रिज आपापसांत संदेश पाठवून जाळ्याचा एक वृक्ष ठरवतात. झाडाच्या दोन फांद्या पुढे जाऊन पुन्हा एकमेकींना मिळत नाहीत, त्याप्रमाणे या वृक्षात वर्तुळ उरत नाही. वर्तुळ निर्माण करणारी प्रत्येक जादा वाट बंद ठेवली जाते आणि चालू वाट तुटली तरच ती उघडते.

उपाय अत्यंत देखणा होता. पण त्याची एक किंमत होती. दोन स्विचांच्या मध्ये दोन केबल टाकल्या, तर स्पॅनिंग ट्रीच्या दृष्टीने ते वर्तुळच ठरते. ती एक केबल बंद करते. पैसे दोन केबलींचे मोजायचे आणि वापर एकीचा करायचा, अशी ही स्थिती होती.

‘कल्पना’ नावाची कंपनी

या कथेचा पुढचा अध्याय भारतीय वाचकाला विशेष जवळचा वाटेल. भारतीय वंशाचे उद्योजक विनोद भारद्वाज आणि त्यांचे सहकारी लॅरी ब्लेअर यांनी अमेरिकेच्या सिलिकॉन व्हॅलीत एक कंपनी काढली. तिचे नाव होते ‘कल्पना’. याच कंपनीने १९९० च्या सुमारास सात पोर्टांचा ‘इथरस्विच’ बाजारात आणला. अनेक पोर्ट असलेला इथरनेटचा तो पहिला स्विच मानला जातो. सामाईक केबलीवर पाळीपाळीने बोलण्याऐवजी प्रत्येक पोर्टला स्वतःची मोकळी वाट मिळाली.

स्विच आले आणि दोन स्विचांमधली जोडणी हीच आता अडचणीची जागा ठरू लागली. त्यावर याच कंपनीने १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘इथरचॅनेल’ ही कल्पना मांडली. अनेक समांतर जोडण्या एकत्र बांधायच्या आणि स्पॅनिंग ट्रीला ती एकच जोडणी आहे असे दाखवायचे. जोडणी एकच दिसते, म्हणून वर्तुळ नाही, म्हणून काही बंद करण्याचे कारणही नाही. सर्व केबल कामाला लागतात आणि एक तुटली तरी उरलेल्यांवर काम चालू राहते. १९९४ साली सिस्को कंपनीने ‘कल्पना’ विकत घेतली. इथरचॅनेल हे नाव आज सिस्कोच्या उपकरणांशी जोडले गेले आहे. त्याचा उगम मात्र या छोट्या कंपनीत आहे.

त्याच वर्षी, म्हणजे १९९४ मध्ये, नासाच्या गोडार्ड अंतराळ केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर हे बाजारात मिळणारे साधे संगणक जोडून स्वस्त महासंगणक उभारत होते. ‘बेओवुल्फ’ नावाच्या त्या पहिल्या संचात १६ संगणक होते आणि त्यांना जोडण्यासाठीही इथरनेटच्या जोडण्या एकत्र बांधल्या होत्या. लिनक्समध्ये आज वापरात असलेल्या जोडण्या बांधण्याच्या सुविधेचे मूळ बेकर यांच्या त्याच कामात सापडते. तिथे वाटाघाटींची गरज नव्हती. सर्व संगणक एकाच खोलीत होते आणि प्रत्येक केबलीची दोन्ही टोके त्याच हातांनी जोडलेली होती. पलीकडे काय आहे हे जोडणाऱ्याला ठाऊक होते. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण पुढच्या साऱ्या अडचणी ही दोन टोके वेगवेगळ्या हातांत गेल्यावर सुरू होतात.

जुडी म्हणजे रुंद नळ नव्हे

इथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करायला हवा. १ गिगाबिटच्या चार जोडण्या बांधल्या म्हणजे ४ गिगाबिटची एक जोडणी तयार होत नाही. एकाच संवादातल्या फ्रेम पाठवल्या त्याच क्रमाने पोहोचल्या पाहिजेत, अशी इथरनेटची अट आहे. वेगवेगळ्या केबलींवरून पाठवल्या तर मागची फ्रेम पुढे जाऊ शकते. म्हणून स्विच प्रत्येक फ्रेमवरील पत्त्यांवरून एक गणित करतो आणि त्या संवादासाठी एकच केबल ठरवतो. संवाद पुष्कळ असतील तर ते चारही केबलींवर विभागले जातात आणि एकूण क्षमता वाढते. परंतु एकच मोठी फाइल एकाच यंत्राकडून दुसऱ्याकडे चालली असेल, तर ती एकाच केबलीच्या वेगाने जाते. महामार्गावर चार मार्गिका असल्या तरी एक मोटार एकाच मार्गिकेतून धावते, तसेच हे.

हा तपशील पुढच्या मुद्द्यासाठी फार महत्त्वाचा आहे, कारण जुडीचा बिघाड कसा दिसतो हे त्यावर ठरते.

गृहीत धरण्याचे धोके

आरंभीची पद्धत सरळ होती. दोन्ही टोकांच्या स्विचांना अभियंत्याने सांगायचे, की हे पोर्ट एका जुडीचे आहेत. स्विच ते मान्य करतो आणि पलीकडे काय आहे याची चौकशी करत नाही. याला स्थिर जुडी म्हणतात. पलीकडून काही ऐकू आले नाही तरी सर्व ठीक आहे असे ती समजते. मौन म्हणजे संमती, हाच तिचा न्याय.

आता तीन प्रसंग पाहा.

पहिला प्रसंग : एका टोकाला जुडी बांधली आहे, दुसऱ्या टोकाला विसरली आहे. पहिला स्विच सर्वांसाठीचा एक संदेश एका केबलीवरून पाठवतो. दुसऱ्या स्विचच्या लेखी दोन्ही केबल स्वतंत्र आहेत, त्यामुळे तो तीच फ्रेम दुसऱ्या केबलीवरून परत पाठवतो. पहिल्या स्विचला वाटते, की संदेश पाठवणारा संगणक पलीकडच्या बाजूला गेला आहे, आणि तो आपल्या पत्त्यांच्या नोंदवहीत तशी चुकीची नोंद करतो. मग त्या संगणकासाठी आलेली माहिती, तो शेजारच्याच पोर्टवर असूनही, भलत्या दिशेला जाते. जाळ्याची रचना अधिक गुंतागुंतीची असेल तर वर्तुळही निर्माण होऊ शकते.

दुसरा प्रसंग : चारपैकी एक केबल चुकून तिसऱ्याच स्विचमध्ये खोचली गेली. दिवा लागतो, म्हणून पहिला स्विच निश्चिंत असतो आणि एक हिस्सा माहिती त्या परक्या स्विचकडे पाठवत राहतो.

तिसरा प्रसंग सर्वांत फसवा आहे. दोन इमारतींमध्ये प्रकाशतंतू आहे आणि त्याच्या टोकांना माध्यम बदलणारी छोटी उपकरणे बसवली आहेत. पलीकडचा तंतू तुटला, पण अलीकडचे उपकरण चालू आहे, म्हणून स्विचच्या पोर्टवरचा हिरवा दिवा तेवत राहतो. स्थिर जुडी त्या मृत केबलीवर आपल्या वाट्याची माहिती टाकतच राहते. चार केबलींपैकी एक अशी गेली, तर साधारण एक चतुर्थांश संवाद नाहीसे होतात आणि उरलेले उत्तम चालतात. एका विद्यार्थ्याला ग्रंथालयाचे संकेतस्थळ दिसते, शेजारच्याला दिसत नाही. तक्रार ऐकणारा माणूस स्वतःच्या संगणकावर तपासतो, तिथे सर्व ठीक असते, आणि तक्रार खोटी ठरते. पूर्ण तुटलेले जाळे तासाभरात दुरुस्त होते. असे अर्धवट तुटलेले जाळे कित्येक दिवस छळते.

जाळ्यातली स्वयंचलित व्यवस्था कोलमडली तर काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण नोव्हेंबर २००२ मधले आहे. अमेरिकेत बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकॉनेस रुग्णालयात, वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्यांनी वाढत गेलेल्या जाळ्यात स्पॅनिंग ट्रीची व्यवस्था ढासळली आणि जाळे काही दिवस ठप्प झाले. डॉक्टर आणि परिचारिकांना कागदी नोंदींकडे परतावे लागले. तिथे कारण जुडीचे नव्हते. पण दोन स्विचांच्या समजुतीतला मेळ तुटला, की त्याची झळ रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचू शकते, हे त्या घटनेने जगाला दाखवले.

एका घराण्याची भाषा

या धोक्यांवर सिस्कोने काढलेला उपाय म्हणजे पीएजीपी, अर्थात पोर्ट ॲग्रिगेशन प्रोटोकॉल. यात स्विच जुडी बांधण्यापूर्वी पलीकडच्याशी बोलतो. तू कोण, तुझ्या या पोर्टची क्षमता काय, हे पोर्ट एकत्र बांधायला तू तयार आहेस का, असे हे बोलणे. उत्तरे जुळली तरच जुडी बांधली जाते. पोर्टला दोन वृत्ती देता येतात : स्वतः पुढाकार घेणारी ‘डिझायरेबल’ आणि विचारल्यावरच उत्तर देणारी ‘ऑटो’. दोन्ही टोके ‘ऑटो’ असली तर जुडी कधीच बांधली जात नाही. एकमेकांच्या विचारण्याची वाट पाहत दोघेही गप्प बसतात.

तांत्रिकदृष्ट्या हे मोठे पाऊल होते. मौनाला संमती समजण्याचा न्याय इथे पहिल्यांदा बाजूला ठेवला गेला. मात्र ही भाषा एका घराण्याची होती. सिस्कोची उपकरणे आणि सिस्कोने परवाना दिलेल्या कंपन्यांची उपकरणे, एवढ्यांनाच ती बोलता येई. इतर कंपन्यांच्या आपापल्या पद्धती होत्या. नॉर्टेलची ‘मल्टी-लिंक ट्रंकिंग’ ही त्यांपैकी एक. दोन वेगळ्या कंपन्यांचे स्विच जोडायचे, तर पुन्हा न विचारता बांधलेल्या स्थिर जुडीकडेच वळावे लागे. म्हणजे जिथे दोन्ही टोके परकी, तिथे वाटाघाटींची गरज सर्वाधिक. आणि नेमक्या तिथेच वाटाघाटींची भाषा उपलब्ध नव्हती.

सर्वांची भाषा

नोव्हेंबर १९९७ मध्ये आयट्रिपलईच्या ८०२.३ गटाने हा प्रश्न हाती घेतला. जुडी आपोआप बांधली जाण्याची सोय मानकातच असावी, यावर गटाचे लवकर एकमत झाले. मार्च २००० मध्ये ८०२.३एडी हे मानक संमत झाले आणि त्यातून एलएसीपी, म्हणजे लिंक ॲग्रिगेशन कंट्रोल प्रोटोकॉल, जगाला मिळाला. पुढे ही रचना थरांच्या मांडणीत दुसऱ्या जागी अधिक शोभते असे लक्षात आले आणि ३ नोव्हेंबर २००८ रोजी ती ८०२.१एएक्स या नावाने ८०२.१ गटाकडे गेली.

एलएसीपीच्या संदेशाची रचना पाहण्यासारखी आहे. त्याचे दोन मुख्य भाग असतात. पहिल्या भागात स्विच स्वतःविषयी सांगतो : माझी ओळख, माझा पोर्ट, तो कोणत्या गटात बसतो, त्याची आजची अवस्था. दुसऱ्या भागात तो समोरच्याविषयी आपल्याला काय कळले आहे, ते परत सांगतो. म्हणजे प्रत्येक संदेशात ‘मी हा असा आहे’ एवढेच नसते. ‘तू असा आहेस असे मी ऐकले’ हेही असते. आपले म्हणणे समोरच्याला खरोखर पोहोचले की नाही, हे त्यामुळे दोघांनाही तपासता येते. ओळख वेगळी आढळली, तर चुकीच्या स्विचमध्ये खोचलेली केबल जुडीबाहेर राहते.

जुडी सुरू होण्याचा क्रमही विचारपूर्वक ठरवला आहे. दोन्ही बाजूंचे जुळले, की पोर्ट आधी माहिती स्वीकारू लागतो आणि समोरचा स्वीकारू लागला आहे असे कळल्यावर पाठवू लागतो. आधी ऐकण्याची तयारी, मग बोलणे. आणि हे एकदाच होऊन संपत नाही. संदेश ठरावीक काळाने येत राहतात : जलद पद्धतीत दर सेकंदाला, संथ पद्धतीत दर ३० सेकंदांनी. ओळीने तीन संदेश येण्याइतका काळ, म्हणजे ३ किंवा ९० सेकंद, पलीकडून काही ऐकू आले नाही, तर ती केबल जुडीतून वगळली जाते. हिरवा दिवा लागलेला असला तरी! वर पाहिलेल्या तिसऱ्या प्रसंगावर हाच उपाय आहे. इथे संमती एकदा देऊन भागत नाही. ती सतत नवी करावी लागते.

मग निवड कशी करावी?

इतिहासाचा कौल स्पष्ट आहे. दोन्ही उपकरणांना एलएसीपी येत असेल, तर तोच वापरावा आणि दोन्ही टोकांना पुढाकार घेणारी ‘ॲक्टिव्ह’ वृत्ती द्यावी. एक टोक ‘ॲक्टिव्ह’ आणि दुसरे ‘पॅसिव्ह’ असले तरी चालते. दोन्ही ‘पॅसिव्ह’ असली तर टाळी एका हातानेही वाजत नाही, कारण कुणीच हात पुढे करत नाही. पीएजीपीचा विचार आज फक्त तेव्हा करावा, जेव्हा दोन्ही टोके त्याच घराण्यातली आहेत आणि त्यांतल्या एखाद्या जुन्या उपकरणाला एलएसीपी ठाऊक नाही.

स्थिर जुडीलाही तिची जागा आहे. काही आभासी स्विचांना आणि साध्या उपकरणांना वाटाघाटी करताच येत नाहीत. शिवाय जो सर्व्हर जाळ्यावरूनच सुरू होतो, त्याला कार्यप्रणाली मिळेपर्यंत एलएसीपी बोलता येत नाही. आणि जुडी बांधली नाही म्हणून स्विच पोर्ट उघडत नसेल, तर कार्यप्रणालीही मिळत नाही. या पेचासाठी अनेक स्विचांमध्ये तेवढ्या काळापुरता एकच पोर्ट साध्या जोडणीसारखा चालवण्याची सोय असते. बेओवुल्फप्रमाणे दोन्ही टोके एकाच हातात आणि एकाच खोलीत असली, तर स्थिर जुडी चालून जाते. पण ती निवडताना आपण तपासणीची जबाबदारी यंत्राकडून माणसाकडे घेत आहोत, याचे भान हवे.

एलएसीपीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तो एका संवादाचा वेग वाढवत नाही. समोरचा जी ओळख सांगतो, ती खरी असल्याचा पुरावा तो मागत नाही. आणि एक जुडी दोन वेगळ्या स्विचांमध्ये विभागायची असेल, तर ते दोन स्विच आपापसांत जे बोलतात, ते आजही बहुधा ज्या त्या कंपनीच्याच भाषेत असते. घराण्यांच्या भाषा पूर्णपणे मिटलेल्या नाहीत.

भारतासाठी याचा अर्थ

आपल्या देशात संशोधनाचे जाळे १९८६ साली ‘अर्नेट’ या प्रकल्पाने सुरू झाले. तेव्हाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागासह मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बंगळूरूची भारतीय विज्ञान संस्था आणि पाच आयआयटी हे त्याचे पहिले सहभागी. मार्च २०१० मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला मंजुरी दिली आणि देशभरच्या विद्यापीठांना व प्रयोगशाळांना गिगाबिट वेगाने जोडण्याचे काम हाती घेतले गेले. पण देशव्यापी जाळे संस्थेच्या दारापर्यंत येते. दारापासून प्रयोगशाळेतल्या मेजापर्यंतचा प्रवास त्या संस्थेच्या स्वतःच्या स्विचांवर अवलंबून असतो.

आणि आपल्या संस्थांमधले स्विच क्वचितच एका घराण्याचे असतात. खरेदी निविदेतून होते, निधी टप्प्याटप्प्याने येतो. एका वर्षी एका कंपनीचे स्विच येतात, चार वर्षांनी दुसरीचे. जोडणारा अभियंता बदलतो आणि जुन्याने काय गृहीत धरले होते, ते कागदावर उरत नाही. अशा ठिकाणी दोन टोके म्हणजे दोन वेगवेगळे काळ आणि दोन वेगवेगळे हात असतात. म्हणून खुल्या मानकाची गरज आपल्याला अधिक आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले, त्यामागेही हाच विचार होता : शासनाची यंत्रणा एकाच विक्रेत्याच्या भाषेत अडकून पडू नये.

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग जरूर करावा. प्रयोगशाळेत दोन स्विच घ्यावेत आणि त्यांच्यातल्या एका केबलीच्या वाटेत माध्यम बदलणाऱ्या उपकरणांची जोडी बसवावी. आधी स्थिर जुडी बांधून पलीकडच्या उपकरणापासून स्विचकडे जाणारी केबल काढावी. मग एलएसीपी लावून तेच करावे. दोन्ही वेळा अलीकडच्या स्विचचा दिवा हिरवाच राहील. पहिल्या वेळी काही संवाद हरवतील आणि हरवलेलेच राहतील. दुसऱ्या वेळी थोड्याच अवधीत ते उरलेल्या वाटांवरून पुन्हा सुरू होतील. पुढे कधी एखाद्या संस्थेचे जाळे तुमच्या हाती आले, तर जुडी बांधण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : पलीकडचा उद्या बोलेनासा झाला, तर ते आपल्या स्विचला कळेल का?